'सोलो' म्हणजे नक्की किती एकट्याने?

आपल्या मंडळांच्या प्रश्नमंजूषेत एक प्रश्न हमखास असतो. 'भारताचा पहिला वैमानिक कोण?' पोरंटोरं सुद्धा हात वर करून 'जेआरडी टाटा' असं उत्तर देतात, गुण मिळतात, टाळ्या पडतात आणि सूत्रसंचालक पुढच्या प्रश्नाकडे वळतो. तसाच दुसरा प्रश्न 'पहिली भारतीय महिला वैमानिक कोण?' ह्याचंही उत्तर ठरलेलं असतं. आकाशातल्या पराक्रमांच्या बाबतीत आपल्याला 'पहिला' हा शब्द फार आवडतो. मराठी माणसालाच कशाला, इंग्रजाला आणि अमेरिकनालाही तो तितकाच आवडतो!

मी गेली कित्येक वर्षं हौस म्हणून इथे इंग्लंडमध्ये लहान विमान चालवतो आणि जमेल तसा विमानोड्डाणाचा इतिहास वाचतो. ह्या वाचनातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. 'पहिला', 'एकटा' आणि 'परवानाधारक' हे तीन शब्द बोलताना आपण सैलसर वापरतो, पण विमानाच्या जगात त्यांना अगदी काटेकोर अर्थ आहे. एखाद्या पराक्रमाबद्दल वाद पेटतो तेव्हा बहुतेक वेळा कोणीतरी वाक्यातलं एक विशेषण गाळलेलं असतं. आणि कधीकधी तर त्या गाळलेल्या शब्दापायी माणसांचे जीव गेले आहेत. म्हणून हा लेख.

परवाना क्रमांक एक

जेआरडींपासूनच सुरुवात करू. १९२८ साली मुंबईत जुहूला विमानतळ झाला. मुंबई फ्लाइंग क्लबमध्ये जेआरडी शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचं प्रमाणपत्र मिळालं. एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा ह्या संस्थेने दिलेल्या त्या प्रमाणपत्रावर आकडा होता १. ह्यात कसलाही वाद नाही. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना.

पण 'भारतात दिला गेलेला पहिला परवाना' आणि 'पहिला भारतीय वैमानिक' ही दोन वाक्यं एक नाहीत. पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या सुमारास, चार भारतीय तरुण ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले होते : हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल चंदर सेन आणि आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. इंद्रलाल रॉय ह्यांच्या नावावर दहा हवाई विजय नोंदलेले आहेत. जुलै १९१८ मध्ये ते फ्रान्सच्या आघाडीवर पडले. वेलिणकर २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन नावाचं लढाऊ विमान चालवत. जून १९१८ मध्ये शत्रूच्या हद्दीत त्यांचं विमान पाडलं गेलं, आणि त्या जखमांनी ते गेले. फ्रान्समध्ये त्यांची कबर आहे. डॉल्फिन हे एकाच माणसाने चालवायचं विमान, म्हणजे शेवटच्या उड्डाणातही ते एकटेच होते. जेआरडींना परवाना मिळण्याच्या तब्बल दहा-अकरा वर्षं आधीची ही गोष्ट!

मग जेआरडींचं श्रेय कमी होतं का? मुळीच नाही. पण प्रश्नमंजूषेत आपण सरळ 'जेआरडी' म्हणून पुढे गेलो की मुंबईचा एक मुलगा इतिहासातून गळून पडतो, ह्याची खंत मला वाटते.

तीच गोष्ट टपालाची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी पुस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. ही टाटांच्या नियमित हवाई टपालसेवेची सुरुवात, आणि त्यातूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली. परंतु 'भारतातलं पहिलं हवाई टपाल' म्हणाल तर ते १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला गेलं होतं. आँरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रं नेली होती, आणि जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपालही तेच मानतात. 'नियमित सेवा' हे दोन शब्द राहू दिले की दोन्ही खरी, गाळले की एक खोटं.

आता कोणीतरी विचारणारच, 'आणि मग तळपदे?' शिवकर बापूजी तळपदे ह्यांनी १८९५ मध्ये गिरगावच्या चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. त्या कथेप्रमाणेसुद्धा त्या यंत्रात माणूस नव्हता, म्हणजे वैमानिकाच्या यादीत तिला जागा नाही. आणि ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचं नाव तिच्याशी जोडलं जातं, त्याचा बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये नीट अभ्यास केला. हा ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकणारी नाहीत, असं त्यांनी दाखवून दिलं. तळपद्यांच्या जिज्ञासेबद्दल मला आदर आहे. पण पराक्रमाला नोंद लागते, नुसता अभिमान पुरत नाही.

लॉगबुकातले रकाने

ही नोंद कुठे असते? वैमानिकाच्या लॉगबुकात. प्रत्येक उड्डाणानंतर तारीख, विमानाचा क्रमांक, कुठून कुठे आणि किती वेळ हे लिहावं लागतं. वेळेसाठी वेगवेगळे रकाने असतात. शेजारी इन्स्ट्रक्टर बसून शिकवत असेल तर तो 'ड्युअल' वेळ. विमानाची जबाबदारी तुमची असेल तर तो मुख्य वैमानिकाचा वेळ. आणि 'सोलो' म्हणजे विमानात तुमच्याशिवाय दुसरं कोणीच नाही.

इथेच खरी गंमत आहे. समजा मी माझ्या बायकोला शेजारी बसवून विमान नेलं. तिला विमान चालवता येत नाही, तिने एकाही दांड्याला हात लावलेला नाही. त्या विमानात मी 'एकटाच वैमानिक' आहे. पण ते उड्डाण 'सोलो' नाही! बोलण्यात दोन्हीला आपण 'एकट्याने विमान चालवलं' असंच म्हणू. लॉगबुकात मात्र ते दोन वेगळे प्रकार आहेत.

ह्यात नुसतं शब्दांचं पांडित्य नाही. शेजारी दुसरा माणूस असला की नकाशा धरायला, इंधन मोजायला, रेडिओवर बोलायला, निदान 'अरे, जागा आहेस ना?' म्हणायला कोणीतरी असतं. ज्याने पहिलं सोलो उड्डाण केलं आहे त्याला हे सांगावं लागत नाही. इन्स्ट्रक्टर धावपट्टीच्या कडेला उतरतो, दार लावून घेतो आणि शेजारची खुर्ची रिकामी होते. तीच विमानविद्या, तीच धावपट्टी, पण त्या रिकाम्या खुर्चीने सगळंच बदलतं. विमान हलकं झाल्याने ते भरकन वर चढतं सुद्धा! म्हणून वैमानिक मंडळी ह्या शब्दाबाबत इतकी हळवी असतात.

परवान्यांचे दोन वर्ग : ए आणि बी

पहिल्या महायुद्धानंतर नागरी विमानोड्डाणाचे नियम झाले तेव्हा ब्रिटनमध्ये परवान्याचे दोन मुख्य वर्ग ठरले. 'ए' परवाना खाजगी वैमानिकासाठी. त्यावर स्वतःच्या हौसेसाठी कुठेही उडा, अगदी ऑस्ट्रेलियापर्यंत जा. पण भाडं घेऊन माणसं किंवा माल न्यायचा नाही. त्यासाठी 'बी' परवाना लागे, आणि त्याच्या परीक्षा व वैद्यकीय तपासणी अधिक कडक असे. भारतातही तेव्हा हीच पद्धत होती.

ही रेषा स्त्रियांसाठी किती जाचक होती पाहा. १९२४ साली आंतरराष्ट्रीय हवाई आयोगाने स्त्रियांना 'बी' परवाना द्यायचाच नाही असा ठराव केला. हौस म्हणून उडायला हरकत नाही, पण पोटापाण्यासाठी नको! सोफी पीअर्स-एव्हन्स नावाच्या एका आयरिश बाईंनी ह्याविरुद्ध झगडा केला, स्वतः परीक्षा देऊन दाखवल्या, आणि १९२६ मध्ये तो ठराव मागे घेतला गेला. ह्याच बाई पुढे लेडी हीथ म्हणून गाजल्या. जानेवारी ते मे १९२८ ह्या काळात त्यांनी दक्षिण आफ्रिकेहून लंडनपर्यंत छोट्या एव्हरो एव्हियन विमानातून प्रवास केला.

हा प्रवास सोलो होता का? विमानात त्या एकट्याच होत्या, म्हणून होय. पण दक्षिण सुदानवरून बाईमाणसाने एकटीने विमान न्यायला तिथल्या अधिकाऱ्यांनी मनाई केली होती. तेव्हा डिक बेंटली हे दक्षिण आफ्रिकेचे वैमानिक आपलं विमान घेऊन त्यांच्या सोबतीला उडाले. बरोबर उलट्या दिशेने लेडी बेली येत होत्या, त्यांनाही त्यांनीच सोबत केली. हे सगळं तेव्हाच जाहीर झालं होतं, कोणी लपवलं नाही. म्हणूनच सोबत असूनही लेडी हीथ ह्यांच्या कीर्तीला बट्टा लागला नाही.

मे १९३० : एका आकाशात चौघं

आता माझ्या सर्वांत आवडत्या गोष्टीकडे येतो. आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. भारतीय व्यक्तीने इंग्लंड ते भारत, किंवा भारत ते इंग्लंड, हा प्रवास विमानाने एकट्याने करायचा, आणि निघाल्यापासून ठराविक मुदतीत पुरा करायचा. स्पर्धेची मुदत १९३० सालापुरती.

त्याच वर्षी मार्च महिन्यात आर. एन. चावला आणि अवघ्या सतरा वर्षांचे अ‍ॅस्पी इंजिनिअर हे दोघे एका जिप्सी मॉथ विमानातून भारतातून इंग्लंडला पोचले. केवढं मोठं धाडस! पण विमानात दोघे होते, तेव्हा बक्षिसाच्या दृष्टीने ते शून्य. अ‍ॅस्पींनी काय केलं? वाद घातला नाही. एप्रिलच्या अखेरीस ते त्याच वाटेने उलटे, ह्यावेळी एकटे, भारताकडे निघाले.

मनमोहन सिंग हे रावळपिंडीचे तरुणही इंग्लंडहून निघाले. त्यांच्या विमानाचं नाव होतं 'मिस इंडिया'. त्यावर एका इंग्रजी विमानविषयक मासिकाच्या संपादकाने 'मिस' ह्या शब्दावर कोटी केली होती, की नाव इंडिया चुकवणारं आहे आणि हा गृहस्थ बहुधा ती चुकवेलच! कोटी खोटी ठरली. सिंग कराचीला पोचले. मात्र वाटेतल्या अडचणींत दिवस गेले आणि निघाल्यापासूनची मुदत उलटून गेली होती. प्रवास पुरा, प्रवासी एकटा, विमान भारतात, तरीही बक्षीस नाही.

तिसरे जेआरडी. ते कराचीहून इंग्लंडच्या दिशेने निघाले होते. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबूकीरच्या हवाई तळावर ते उतरले तर समोर अ‍ॅस्पी अडकून पडलेले! त्यांच्या एंजिनाला स्पार्क प्लग हवे होते आणि जवळ जादा नव्हते. एकाच बक्षिसासाठी विरुद्ध दिशांनी धावणारे दोन स्पर्धक वाळवंटाच्या कडेला समोरासमोर आले. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग काढून दिले. अ‍ॅस्पींनी कृतज्ञतेने स्वतःचं जीवरक्षक जाकीट त्यांना दिलं, कारण जेआरडींना अजून समुद्र ओलांडायचा होता. अ‍ॅस्पी कराचीला पोचले आणि बक्षीस त्यांना मिळालं. जेआरडी थोडक्यात मागे राहिले. ह्याचं वैषम्य त्यांनी कधी मानलं नाही, उलट त्या यशामुळे अ‍ॅस्पींना हवाई दलाचं दार उघडलं ह्याचा त्यांना आनंदच होता. हेच अ‍ॅस्पी इंजिनिअर १९६० साली भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. मनमोहन सिंग दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम इथे जपानी हल्ल्यात मारले गेले.

आता प्रश्न असा, की 'इंग्लंड-भारत प्रवास एकट्याने करणारा पहिला भारतीय कोण' आणि 'आगाखान बक्षीस कोणी जिंकलं', हे प्रश्न एकच आहेत का? नाहीत. दुसऱ्याचं उत्तर निर्विवाद आहे, अ‍ॅस्पी इंजिनिअर. पहिल्यात मनमोहन सिंगांचं नाव घ्यावंच लागतं. ह्याच कारणाने वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळं नाव 'पहिला' म्हणून सापडतं आणि वाचक गोंधळतो. तेव्हा कोणता 'पहिला' हे आधी विचारावं.

आणि चौथी? त्याच मे महिन्यात त्याच वाटेवरून एक इंग्रज मुलगी पूर्वेकडे चालली होती. एमी जॉन्सन ५ मे १९३० रोजी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून निघाली. 'ए' परवाना मिळून तिला वर्षही झालं नव्हतं. मात्र एंजिन दुरुस्तीचा परवाना तिने मिळवला होता, आणि वाटेत तोच जास्त कामी आला असावा. सहा दिवसांत कराची गाठून तिने तोवरचा विक्रम मोडला, झाशीला लष्कराच्या परेड ग्राउंडवर विमान उतरवलं, कलकत्ता, रंगून करत २४ मे रोजी ती ऑस्ट्रेलियात डार्विनला पोचली. तिचं 'जेसन' नावाचं जिप्सी मॉथ आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये टांगलेलं आहे. पाहुणे आले की मी त्यांना ते आवर्जून दाखवायला नेतो.

एमी ही इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला 'एकटीने' जाणारी पहिली स्त्री. 'जाणारी पहिली स्त्री' मात्र नव्हे. तिच्या दोन वर्षं आधी जेसी मिलर ही ऑस्ट्रेलियन बाई बिल लँकेस्टर ह्यांच्याबरोबर 'रेड रोझ' विमानातून डार्विनला पोचली होती. आणि सर्वांत वेगवानही एमी नव्हती, कारण बर्ट हिंकलरने १९२८ मध्ये हाच प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता, एमीला साडेएकोणीस लागले. तिने स्वतः हे कधी लपवलं नाही. डार्विनला उतरल्यावर जगभर कौतुक होत असताना विक्रम हुकल्याची चुटपुट तिला लागून राहिली होती!

सरला ठकराल आणि अर्धा राहिलेला परवाना

आता प्रश्नमंजूषेतला दुसरा प्रश्न. १९३६ साली लाहोर फ्लाइंग क्लबमध्ये एकवीस वर्षांच्या सरला ठकराल साडी नेसून जिप्सी मॉथमध्ये बसल्या आणि त्यांनी सोलो उड्डाण केलं. घरी चार वर्षांची मुलगी होती. पुढे त्यांनी हजार तासांचा अनुभव मिळवला. २०२१ मध्ये गूगलने त्यांच्या चित्राने आपलं पान सजवलं तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी ते पाहिलं असेल.

'पहिली भारतीय महिला वैमानिक' म्हणून त्यांचं नाव सर्वत्र घेतलं जातं. पण त्याआधी, १९३२ साली, उर्मिला पारीख ह्यांना वैमानिकाचा परवाना मिळाल्याचं सांगणारेही अभ्यासक आहेत. म्हणजे इथेही 'पहिली' ह्या शब्दावर दोन दावे आहेत. मला मात्र सरलाबाईंच्या गोष्टीत पहिलेपणापेक्षा दुसराच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्यांच्याकडे 'ए' परवाना होता. त्यावर पगार घेता येत नव्हता, टपाल नेता येत नव्हतं. म्हणून त्या 'बी' परवान्यासाठी जोधपूरला शिकायला गेल्या. १९३९ साली त्यांचे पती, तेही वैमानिक, विमान अपघातात गेले. त्यातच महायुद्ध सुरू झालं आणि नागरी प्रशिक्षण बंद पडलं. सरलाबाईंचा 'बी' परवाना कायमचा राहून गेला. त्या चित्रकलेकडे वळल्या, फाळणीनंतर दिल्लीत दागिने आणि साड्यांच्या नक्षीकामात त्यांनी नाव कमावलं. हजार तास हवेत काढलेली बाई, पण एका इंग्रजी अक्षराच्या फरकाने तो तिचा व्यवसाय होऊ शकला नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास प्रेम माथुर ह्यांनी व्यावसायिक परवाना मिळवून डेक्कन एअरवेजमध्ये विमान चालवलं, आणि १९८५ मध्ये सौदामिनी देशमुख ह्यांनी सर्व महिला कर्मचारी असलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचं नेतृत्व केलं. 'पहिली परवानाधारक', 'पहिली व्यावसायिक', 'पहिली कॅप्टन' ह्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. प्रत्येकीवर कोणीतरी वेगळी बाई घाम गाळून चढली आहे. सगळ्यांना एकाच 'पहिली'त कोंबलं तर बाकीच्यांवर अन्याय होतो.

वाद आजचाही

हे सगळं जुन्या काळातलं, असं समजू नका. २०१३ साली ट्रेसी कर्टिस-टेलर ह्या ब्रिटिश महिला वैमानिकाने बोइंग स्टीअरमन ह्या जुन्या दुपंखी विमानातून केप टाऊनहून इंग्लंडमधल्या गुडवुडपर्यंत प्रवास केला. लेडी हीथ ह्यांच्या १९२८ च्या प्रवासाची ती आठवण होती. पुढे त्यांनी एमी जॉन्सनच्या स्मरणार्थ इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हाही प्रवास केला. २०१४ मध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन ह्या इथल्या हौशी वैमानिकांच्या संघटनेने त्यांना सन्मानचिन्ह दिलं. पण प्रसिद्धीत ह्या प्रवासाचा उल्लेख 'सोलो' असा होत राहिला, आणि अनेक टप्प्यांवर विमानात दुसरी व्यक्ती होती हे पुढे आलं. सभासदांत मोठा वाद झाला आणि ऑक्टोबर २०१६ च्या सभेत मतदान होऊन तो सन्मान काढून घेण्यात आला. कर्टिस-टेलर ह्यांचं म्हणणं असं, की आपण 'सोलो' असा दावा कधी केलाच नव्हता.

मला त्या वादात न्यायाधीश व्हायचं नाही. उघड्या कॉकपिटच्या विमानातून आफ्रिका खंड ओलांडणं हे सोबत कोणी असलं तरी येरागबाळ्याचं काम नाही. पण लेडी हीथ ह्यांच्या सोबतीला अख्खं दुसरं विमान असूनही वाद झाला नाही आणि इथे झाला, ह्यातला फरक लक्षात घ्या. तिथे काय घडलं ते पहिल्या दिवसापासून जगाला ठाऊक होतं. फोडणी एका शब्दाची, पण करपली की सगळा पदार्थ टाकावा लागतो.

परवान्याच्या मर्यादेची गोष्ट मात्र नुसत्या मानसन्मानाची नाही. २१ जानेवारी २०१९ च्या रात्री एमिलियानो साला हा अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू फ्रान्समधल्या नाँत शहरातून कार्डिफला एका छोट्या विमानाने निघाला. ग्वेर्नसी बेटाजवळ विमान समुद्रात कोसळलं. साला आणि वैमानिक दोघेही गेले. ब्रिटिश तपास अहवालात स्पष्ट झालं, की वैमानिकाकडे खाजगी परवाना होता. पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा अधिकार त्याला नव्हता आणि रात्री विमान चालवण्याची पात्रताही नव्हती. एंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरला असावा, असाही निष्कर्ष निघाला. उड्डाणाची व्यवस्था करणाऱ्या गृहस्थाला २०२१ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. 'ए' आणि 'बी' मधली १९२० च्या दशकातली ती रेषा उगाच ओढलेली नव्हती. पैसे मोजून बसणारा प्रवासी वैमानिकाचं लॉगबुक तपासत नाही, त्याच्या वतीने ते कायद्याने तपासायचं असतं.

पुण्याचे काका आणि पेट्रोलचे पैसे

हे आपल्या घरांशीही संबंधित आहे. इथे आणि अमेरिकेत आपल्या कितीतरी मुलामुलींना हल्ली विमान शिकायचं असतं. दोन्हीकडे सोळाव्या वर्षी सोलो उडता येतं आणि सतराव्या वर्षी खाजगी परवाना मिळू शकतो. इंग्लंडमध्ये किमान ४५ तासांचं प्रशिक्षण लागतं, अमेरिकेत किमान ४०. त्यात दहा तास सोलो, आणि एक लांबचा सोलो प्रवास दोन परक्या विमानतळांवर उतरून पुरा करावा लागतो. शिक्षण खर्चिक आहे, पण मुलांना जबाबदारी शिकवण्याचा ह्याहून चांगला वर्ग मी पाहिलेला नाही.

मात्र पालकांनी मर्यादा समजून घ्याव्यात. पुण्याहून एक नात्यातले काका आले होते. त्यांना आकाशातून समुद्रकिनारा दाखवला. खाली उतरल्यावर ते खूष होऊन म्हणाले, "अरे, झकास! आता पुढच्या आठवड्यात माझे तीन मित्र येतायत. त्यांनाही ने. माणशी शंभर पौंड घे हवं तर, लाजू नकोस."

"काका, पैसे घेऊन नेलं तर मी टॅक्सीवाला झालो. तो परवाना माझ्याकडे नाही."

"मग पेट्रोलचं तरी?"

"पेट्रोल आणि विमानाचं भाडं वाटून घेता येतं. पण त्यात माझाही वाटा मी द्यायचाच. वर एक पैसा उरता कामा नये."

काका क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "म्हणजे कोजागिरीची वर्गणी!" इतकं सोपं स्पष्टीकरण मला कुठल्याच नियमपुस्तकात मिळालेलं नाही. खर्च वाटून घेणं चालतं, कमाई चालत नाही. अमेरिकेतही तत्त्व हेच आहे. तपशील देशोदेशी वेगळे आहेत आणि बदलत असतात, म्हणून तुमच्या मुलाने परवाना मिळवल्यावर मंडळाच्या लिलावात 'विमानातून फेरी' असं बक्षीस ठेवण्याआधी त्याला नियम विचारा!

नेमकं बोलणं

शेवटी एक ताजं उदाहरण देतो. मे २०१९ मध्ये मुंबईच्या आरोही पंडित ह्या तेवीस वर्षांच्या मुलीने स्कॉटलंडमधल्या विकहून निघून आइसलंड, ग्रीनलंड असे टप्पे घेत कॅनडातलं इकालुइट गाठलं, तेही मोटारीच्या वजनाहून कमी वजनाच्या विमानातून, एकटीने. तिच्याबद्दलचा दावा असा आहे : लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट ह्या वर्गाच्या विमानातून अटलांटिक महासागर एकटीने ओलांडणारी पहिली स्त्री. अटलांटिक एकटीने ओलांडणारी पहिली स्त्री १९३२ मधली अमेलिया इअरहार्ट, तो मान आरोहीने मागितलेला नाही. तिच्या मोहिमेच्या आधीच्या भारतापासूनच्या प्रवासात केथेर मिस्किटा ही मैत्रीण तिच्यासोबत होती, तेही उघडपणे सांगितलेलं आहे. वाक्य लांबलचक झालं खरं, पण त्यातला एकही शब्द कोणाला काढून घेता येणार नाही.

आपण परदेशात राहणारी माणसं. आपल्या मुलांना आपल्या माणसांचा अभिमान वाटावा म्हणून आपण त्यांना गोष्टी सांगतो, आणि सांगायलाच हव्यात. पण शाळेत जाऊन ती गोष्ट पडताळून पाहणारी ही मुलं आहेत. अर्धवट दावा एकदा खोटा ठरला की मुलं पुढच्या खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवत नाहीत. जेआरडींना भारतात दिलेला पहिला परवाना मिळाला, आणि त्याआधी मुंबईचा वेलिणकर लढाऊ विमान चालवताना धारातीर्थी पडला. अ‍ॅस्पींनी बक्षीस जिंकलं, आणि मनमोहन सिंगही एकटेच कराचीला पोचले. ह्या दोन दोन गोष्टी एकत्र सांगितल्या तर अभिमान दुप्पट होतो, अर्धा होत नाही.

येत्या गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजूषेसाठी माझी एक सूचना आहे. 'भारताचा पहिला वैमानिक कोण' ऐवजी असा प्रश्न विचारा : 'अबूकीरला स्पार्क प्लग कोणी कोणाला दिले, आणि बक्षीस कोणी जिंकलं?' उत्तर ज्याला येईल त्याला दोन गुण जास्त द्या.